विद्यापीठाचं यंत्र भंगारात गेलं आणि एक माणूस दगावला: कॉलेजांतल्या किरणोत्सारी पदार्थांवर लक्ष कोण ठेवतं?

एप्रिल २०१०. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारातला एक दुकानदार रुग्णालयात दाखल झाला. त्वचा काळी पडत चाललेली, केस गळत होते, जुलाब थांबत नव्हते. औषधांनी फरक पडेना. अखेर डॉक्टरांना वेगळीच शंका आली आणि ७ एप्रिलला त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. मंडळाची माणसं मोजणीची उपकरणं घेऊन मायापुरीत पोहोचली, तेव्हा लोखंडाच्या ढिगाऱ्यात कोबाल्ट-६० सापडलं.

सुरुवातीला बोट दाखवलं गेलं परदेशातून आलेल्या भंगाराकडे. आपल्याकडे जहाजं भरून भंगार येतं, त्यामुळे तो संशय अगदीच अनाठायी नव्हता. पण एप्रिल संपता संपता माग लागला तो दिल्लीतच. कोबाल्ट आलं होतं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून. १९६८ मध्ये कॅनडाहून घेतलेलं 'गॅमासेल' नावाचं यंत्र १९८५ पासून वापरात नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने इतर जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव केला. भंगारवाल्यांनी ते विकत घेतलं, फोडलं आणि आतल्या कोबाल्टचे तुकडे झाले.

एकूण ११ तुकडे. ८ भंगाराच्या आवारात, २ जवळच्या दुसऱ्या दुकानात आणि एक, सगळ्यात छोटा, एका व्यापाऱ्याच्या पाकिटात.

त्या बाजारात काम करणारा ३५ वर्षांचा एक माणूस २६ एप्रिलला गेला. आणखी काही जण आठवडेच्या आठवडे रुग्णालयात होते. अणुदुर्घटना मोजायची ० ते ७ अशी एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तिच्यावर मायापुरीची नोंद चौथ्या पातळीवर झाली.

अणुभट्टी नाही, स्फोट नाही, हल्ला नाही. एका विद्यापीठाने अडगळ विकली, एवढंच घडलं होतं.

बंद यंत्र 'बंद' का नसतं?

इथे एक मोठा गैरसमज आहे आणि तो शिकलेल्या माणसांनाही असतो. एक्स-रे मशीनचा प्लग काढला की त्यातून किरण येत नाहीत. वीज नाही, तर किरण नाहीत. गॅमासेलचं तसं नसतं. शिशाचं जाड कवच असलेलं, काही टन वजनाचं हे पिंप असतं. मधोमध छोटी पोकळी आणि तिच्याभोवती कोबाल्ट-६० च्या कांड्या. नमुना पोकळीत उतरवायचा, ठरलेला वेळ ठेवायचा, बाहेर काढायचा. बियाण्यांवर, प्लास्टिकवर, रसायनांवर गॅमा किरणांचा काय परिणाम होतो ते अशा यंत्रात तपासता येतं. वीज लागते ती नमुना वर-खाली करायला. किरण कोबाल्टमधून आपोआप येत राहतात. रात्री, सुट्टीत, विभागाला टाळं लागलं तरीही.

म्हणजे '१९८५ पासून यंत्र बंद होतं' या वाक्याचा खरा अर्थ एवढाच, की १९८५ पासून त्यात कुणी नमुना ठेवला नाही.

मग इतक्या वर्षांत कोबाल्टचा जोर ओसरला नाही का? ओसरला, पण किती ते बघू. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षं. दर सव्वापाच वर्षांनी ते निम्मं होतं. १९६८ ते २०१० ही ४२ वर्षं, म्हणजे जवळपास ८ अर्धायुष्यं. निम्म्याचं निम्मं असं आठ वेळा केलं की उरतो २५६ वा हिस्सा. ऐकायला नगण्य वाटतं. पण अशा यंत्रांत सुरुवातीला हजारो क्युरी क्षमतेचं कोबाल्ट भरलेलं असतं. समजा सुरुवातीला ४,००० क्युरी होतं, तर ४२ वर्षांनंतरही १६ क्युरी उरेल. शिशाच्या कवचाबाहेर काढलेल्या १६ क्युरी कोबाल्टपासून एक मीटरवर उभ्या माणसाला तासाला साधारण २०० मिलिसिव्हर्ट मात्रा लागते. या क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांसाठी वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट आहे. ती सहा मिनिटांत संपली!

आता अंतर कमी करा. अंतर दहा पटींनी घटलं की मात्रा शंभर पटींनी वाढते. एक मीटरऐवजी दहा सेंटिमीटरवर, म्हणजे हातात धरून छिन्नी-हातोडा चालवताना जेवढं अंतर असतं तेवढ्यावर, तोच आकडा तासाला २०,००० मिलिसिव्हर्ट होतो. संपूर्ण शरीराला साधारण ४,००० मिलिसिव्हर्ट एकदम लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं काही आठवड्यांत दगावतात. हा हिशेब कल्पनेतल्या १६ क्युरीचा आहे, मायापुरीच्या मोजणीचा नाही. तरी पाकिटातला छोटा तुकडा काय करू शकतो, याचा अंदाज यावरून येतो.

ते यंत्र फोडण्यामागचं कारणही साधं होतं. शिशाला भंगारात भाव चांगला मिळतो. ज्या कवचामुळे चार दशकं कुणाला काही झालं नाही, नेमकं तेच विकण्यासारखं होतं.

पण कॉलेजात किरणोत्सारी पदार्थ हवेतच कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की सगळेच पदार्थ गॅमासेलसारखे नसतात. यांच्या ताकदीत इतका फरक असतो, की सगळ्यांना एकच शब्द वापरणं म्हणजे लवंगी फटाका आणि सुरुंग एका माळेत ओवणं.

भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला गायगर-म्युलर काउंटरचा प्रयोग ज्यांनी केलाय, त्यांना नाण्याएवढी प्लास्टिकची चकती आठवत असेल. तिच्यात सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० चा अगदी सूक्ष्म अंश बंदिस्त असतो. क्षमता मायक्रोक्युरीत, म्हणजे क्युरीच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. ती चकती चिमट्याने उचलायची, प्रयोग झाला की डबीत परत ठेवायची आणि डबी कुलपात. नियम पाळले तर या प्रयोगातून मिळणारी मात्रा इतकी कमी असते, की निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेपुढे ती दिसतच नाही. आपण सगळे जमिनीतून, अवकाशातून, खाण्यातून, हवेतल्या रेडॉन वायूतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेतच असतो.

जीवशास्त्राच्या आणि जैवरसायनाच्या प्रयोगशाळांतली गोष्ट निराळी. तिथे किरणोत्सारी पदार्थ द्रवरूपात, छोट्या कुप्यांत येतो. फॉस्फरस-३२ लावून डीएनएचा माग काढतात, ट्रिटियम किंवा कार्बन-१४ लावून पेशीत एखादं रसायन कुठे जातं ते बघतात, आयोडीन-१२५ संप्रेरकांच्या चाचण्यांत वापरतात. हे पदार्थ सांडू शकतात, हातमोज्यांना लागू शकतात, तिथून दाराच्या मुठीला आणि मुठीवरून डब्यातल्या पोळीला. म्हणून अशा प्रयोगशाळेत खाणं-पिणं, ओठांना काही लावणं आणि तोंडाने पिपेट ओढणं सक्त मना असतं.

यातली एक गंमत नवख्या विद्यार्थ्याला हमखास चकवते. फॉस्फरस-३२ मधून जोरदार बीटा कण निघतात. ते अडवायला कुणीही पटकन शिशाची वीट पुढे करेल. ती चूक ठरते. वेगवान बीटा कण शिशासारख्या जड धातूत अचानक थांबले की त्यातून एक्स-रे तयार होतात. इथे कामाला येतो साधा ॲक्रिलिकचा, साधारण एक सेंटिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा. गॅमासाठी शिसं, फॉस्फरस-३२ साठी ॲक्रिलिक, आणि ट्रिटियमचे बीटा कण तर त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडत नाहीत, पण पदार्थ पोटात गेला तर त्रास. प्रत्येकाची खोडी वेगळी आणि उपाय वेगळा. हे सगळं एका माणसाला नीट माहीत असावं लागतं.

तो एक माणूस कोण?

त्याला रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर म्हणतात, थोडक्यात आरएसओ.

भारतात किरणोत्सारी पदार्थ म्हणजे बाजारातून आणली बाटली आणि ठेवली फळीवर, असं करता येत नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम आले. ते राबवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्या मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. परवाना मागण्यापासून वार्षिक अहवाल भरण्यापर्यंतचं काम आता 'ई-लोरा' या ऑनलाइन यंत्रणेतून चालतं. अगदी कमी क्षमतेच्या शैक्षणिक चकत्यांना परवान्यातून सूट असू शकते. मोठ्या सोर्सना मात्र (प्रयोगशाळेत 'स्रोत' कुणी म्हणत नाही, सगळे 'सोर्स'च म्हणतात) खरेदीच्या आधीपासून परवानगी लागते.

आरएसओ हा बहुतेक वेळा त्याच विभागातला प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ असतो. त्याने ठरावीक प्रशिक्षण घेतलेलं असतं, परीक्षा दिलेली असते आणि मंडळाने त्याला त्या विशिष्ट संस्थेसाठी मान्यता दिलेली असते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मान्यता त्या माणसाच्या पदवीसारखी त्याच्याबरोबर फिरत नाही. तो दुसऱ्या विद्यापीठात गेला तर तिथे नव्याने मान्यता आणि इथे नवा आरएसओ.

त्याचं रोजचं काम बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. कोणता सोर्स कुठे आहे, कुणी केव्हा काढला, केव्हा परत ठेवला याची नोंदवही. सर्व्हे मीटर घेऊन खोलीत फेरी. बंदिस्त सोर्समधून गळती नाही ना, हे बघायला कापसाच्या बोळ्याने पुसून त्या बोळ्याची तपासणी. नव्या विद्यार्थ्यांना हात लावू देण्याआधी शिकवणं. सांडलं तर काय करायचं याचा सराव. अल्प आयुष्याचा कचरा वेगळा साठवून तो ओसरण्याची वाट बघणं: फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य सुमारे १४ दिवस, त्यामुळे दहा अर्धायुष्यं, म्हणजे पाचेक महिने थांबलं की हजारावा हिस्सा उरतो. मग मोजायचं, चिन्हं काढायची आणि मगच टाकायचं. कार्बन-१४ ला ही युक्ती चालत नाही, त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं!

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. आरएसओ हा सल्ला देणारा, बघणारा, थांबवणारा माणूस आहे. कायद्याच्या नजरेत अंतिम जबाबदारी परवाना घेणाऱ्या संस्थेची आणि तिच्या प्रमुखाची असते. 'ते आरएसओ सर बघतात' म्हणून कुणा प्राचार्यांची किंवा कुलगुरूंची सुटका होत नाही. मायापुरीनंतर विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस गेली आणि किरणोत्सारी सोर्स वापरायची त्यांची परवानगी मंडळाने स्थगित केली. विद्यापीठाने नैतिक जबाबदारी मान्य केली.

छातीवरचा बॅज काय करतो, काय करत नाही

किरणोत्सारी पदार्थांवर काम करणारे छातीशी एक छोटा बॅज लावतात. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात: एक धातूच्या गाळणीखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. किरणांची ऊर्जा या चकत्यांत साठून राहते. साधारण तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवल्या की त्या प्रकाश सोडतात. जितका प्रकाश, तितकी मात्रा. तिन्ही चकत्यांची तुलना केली की किरण कोणत्या जातीचे होते तेही कळतं.

हा बॅज ढाल नाही. तो वाजत नाही, रंग बदलत नाही. तो फक्त मागाहून हिशेब सांगतो. शिवाय हिशेब त्याचाच, ज्याने तो लावलाय. काही विद्यार्थी तो ड्रॉवरमध्ये ठेवून कामाला लागतात आणि अहवालात शून्य आलं की खूश होतात. त्या शून्याचा अर्थ ड्रॉवर सुरक्षित आहे एवढाच.

मर्यादा भारतात अशा आहेत: या क्षेत्रात काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. १६ ते १८ वयाच्या प्रशिक्षणार्थींना ६. सर्वसामान्य माणसाला १. मायापुरीतला कामगार या हिशेबात 'सर्वसामान्य माणूस' होता. त्याच्या छातीवर बॅज नव्हता, त्याला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. आपण किरणोत्सारी वस्तूजवळ उभे आहोत, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मग साखळी तुटते कुठे?

माझं मत विचाराल तर प्रयोग चालू असताना कॅम्पस बऱ्यापैकी सुरक्षित असतो. ज्याचं संशोधन त्या सोर्सवर चालू आहे, त्याला तो जपायचाच असतो. तोच माणूस नोंदी ठेवतो, चावी सांभाळतो, बॅज पाठवतो. धोका सुरू होतो तो प्रयोग संपल्यावर.

कॉलेजात काम केलेल्या कुणालाही पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. सर निवृत्त होतात. त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी इकडे-तिकडे पांगतात. खोलीला कुलूप लागतं, चावी लॅब असिस्टंटकडे जाते, तोही काही वर्षांनी निवृत्त होतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राची एक ओळ असते: नाव, खरेदीचं वर्ष, किंमत. आत काय आहे, ते त्या ओळीत नसतं. मग एक दिवस विभागाला जागा हवी असते किंवा नॅकची समिती येणार असते. निर्लेखन समिती बसते. समितीतले सदस्य प्रामाणिक असतात, पण त्यांच्यासमोर 'जुने यंत्र, नादुरुस्त, १ नग' एवढंच असतं. जाहिरात निघते, बोली लागते, टेम्पो येतो.

यात खलनायक कुणी नाही आणि तेच जास्त काळजीचं आहे. किरणोत्सर्गाच्या सुरक्षेची कागदपत्रं एका कपाटात आणि भांडार विभागाची रजिस्टरं दुसऱ्या कपाटात. दोन्ही कपाटांचं एकमेकांशी बोलणं नाही.

दिल्लीच्या यंत्राच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. ते आलं १९६८ मध्ये. देशातले किरणोत्सर्ग संरक्षणाचे पहिले नियम आले १९७१ मध्ये, नियामक मंडळ १९८३ मध्ये. म्हणजे यंत्र नियमांपेक्षा वयाने मोठं! ज्या सोर्सने नव्या नियमांच्या दारातून प्रवेशच केला नाही, त्याची नोंद आपोआप होत नाही. कुणीतरी जुन्या कपाटांत डोकावून 'आमच्याकडे हे आहे' असं कळवावं लागतं. जगभरात असे वारशाने आलेले सोर्स ही डोकेदुखी आहे.

आणि हे फक्त विद्यापीठांत घडतं असंही नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या कर्करोग उपचार केंद्रातून दोघांनी सीझियम-१३७ चा सोर्स उचलून नेला आणि फोडला. आतली निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने घरी नेली. ४ जण गेले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. मायापुरीच्या २३ वर्षं आधी हा धडा उपलब्ध होता.

चिन्ह बघून कळायला नको का?

पिवळ्या पाटीवरचं तीन पात्यांचं चिन्ह आपल्याला ओळखीचं वाटतं. पण कधी नीट बघितलंय? ज्याला आधी कुणी सांगितलं नाही, त्याला ते पंखा वाटेल, मोटारीचा सुटा भाग वाटेल. हे चिन्हही एका कॅम्पसवरच जन्मलं, १९४६ मध्ये, अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत. तेव्हा ते निळ्या पार्श्वभूमीवर किरमिजी रंगात काढलं होतं. चिन्ह बनवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना अर्थ माहीत होता. भिंतीपलीकडच्या माणसाचा विचार तेव्हा नव्हता.

तो विचार व्हायला बराच काळ गेला. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय मानक संस्था यांनी एक नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोण, वर तीन पाती आणि त्यातून येणाऱ्या लाटा, खाली कवटी आणि पळणारा माणूस. अक्षरओळख नसली तरी 'इथे मरण आहे, पळ' एवढं कळावं असं. ते यंत्राच्या बाहेर नव्हे, आत लावायचं असतं, म्हणजे कुणी यंत्र उघडायला घेतलं तरच दिसेल. भंगारवाल्याचा विचार करून बनवलेलं ते बहुधा पहिलंच चिन्ह. पण १९६८ च्या यंत्रात २००७ चं चिन्ह कुठून असणार!

जुना सोर्स नको झाला तर?

लिलाव नाही, पुरणं नाही, कोपऱ्यात विसरणं तर नाहीच. बंदिस्त सोर्स ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे परत पाठवायचा, नाहीतर किरणोत्सारी कचऱ्यासाठी मान्यता असलेल्या केंद्राकडे सोपवायचा. दोन्हीसाठी नियामक मंडळाची परवानगी लागते आणि वाहतूकही ठरलेल्या पेटीतून, ठरलेल्या कागदपत्रांसह होते. देशात असे सोर्स पुरवणारी मोठी संस्था म्हणजे नवी मुंबईत वाशीला असलेलं 'ब्रिट', म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ. महाराष्ट्रातल्या संस्थांना त्या मानाने घरचंच अंतर आहे.

पण याला खर्च येतो आणि इथेच गाडी अडते. सोर्स घेताना संशोधन प्रकल्पाचा पैसा असतो. वीस वर्षांनी तो परत पाठवताना प्रकल्प संपलेला असतो आणि विभागाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना नसतो. म्हणून विल्हेवाट कशी लावणार हे खरेदीच्या वेळीच लिहून द्यायचं असतं. जी संस्था ही गोष्ट औपचारिकता समजते, तिच्याकडे पुढे 'तात्पुरतं' ठेवलेलं पिंप वर्षानुवर्षं पडून राहतं.

यावर मला सगळ्यात उपयोगी वाटणारा उपाय अगदी साधा आहे. निर्लेखनाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवायची: 'यात किरणोत्सारी पदार्थ नाही, तपासले', आणि खाली आरएसओची सही. विभागात आरएसओ नसेल तर शेजारच्या संस्थेतून बोलवायचा. सर्व्हे मीटर यंत्राजवळ धरायला पाच मिनिटं लागतात. अर्थात शिशाच्या जाड कवचाबाहेर मीटर फारसं काही दाखवणारही नाही, म्हणून सोबत एक प्रश्नही विचारायला हवा: हे एवढं जड का आहे?

तुमच्यासमोर असं काही आलं तर

तुम्ही विद्यार्थी असाल आणि प्रयोगशाळा आवरताना कपाटाच्या तळाशी तीन पात्यांचं चिन्ह असलेली डबी, आकाराच्या मानाने फारच जड पेटी किंवा 'आयसोटोप' लिहिलेली कुपी सापडली, तर ती उचलू नका, उघडू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. मागे या, खोली बंद करा, आत कुणी जाणार नाही हे बघा आणि विभागप्रमुखांना व आरएसओला सांगा. आरएसओ कोण हे कुणालाच माहीत नसेल, तर तेही विभागप्रमुखांना लेखी कळवा. सोर्स हरवला असेल तर संस्थेने ते लपवायचं नसतं, नियामक मंडळाला लगेच कळवायचं असतं.

भंगाराच्या धंद्यात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांना लाल त्रिकोणाचा आणि पिवळ्या पाटीचा फोटो पाठवून ठेवा. कॉलेज, हॉस्पिटल किंवा कारखान्यातून आलेलं, आत शिसं असलेलं बंद पिंप फोडण्याआधी थांबायचं आणि पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोन करायचा. मळमळ, जुलाब, अंगावर भाजल्यासारखे डाग, केस गळणं असं एकाच दुकानातल्या दोघा-तिघांना व्हायला लागलं, तर डॉक्टरांना आपण काय फोडलं ते आवर्जून सांगायचं, कारण नुसत्या लक्षणांवरून हा आजार ओळखणं अवघड असतं.

अशा माणसाजवळ जायला मात्र घाबरू नका. बाहेरून गॅमा किरण लागलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, जसा एक्स-रे काढून आलेला माणूस होत नाही. अंगावर किंवा कपड्यांवर किरणोत्सारी धूळ बसली असेल तर ती काढावी लागते: कपडे पिशवीत बांधून वेगळे ठेवायचे आणि अंग साबणाने धुवायचं. पण म्हणून त्याला रुग्णालयात नेणं लांबवायचं नाही.